नव्या गस्तीनौकेवरची अकरा माणसं

४ जानेवारी
नवी गस्तीनौका एकदाची धक्क्याला लागली आणि तिच्यावर माझी नेमणूक झाली. जुनीला बघून परदेशी ट्रॉलरवाले हात हलवायचे आणि आमची मासळी निवांत ओढून न्यायचे. आता त्यांची खैर नाही. माझ्या ताब्यात ऊब टिपणारा कॅमेरा आहे. जिवंत माणूस पडद्यावर पांढरा, गार वस्तू काळी. डेकवर फिरवून पाहिला, शेवटी स्वतःवरही धरला, अकराच्या अकरा पांढरे.

आचारी बिरान सेरेर जमातीचा, मी जोला, आणि या दोन जमातींत पिढीजात थट्टेचं नातं. जोला आलाय, भाताच्या टोपाला कुलूप लावा, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. मी म्हटलं, आमचा गुलाम रांधतो मात्र बरा. या नात्यात रागवायचं नाही, मागितलेलं नाकारायचं नाही, आणि एकमेकांच्या जिवाला तर कधीच धक्का लावायचा नाही. इथे मजेत दिवस जाणार.

११ जानेवारी
वाळवंटाची धूळ उतरली आहे, भरदुपारी हाताभरावरचं दिसत नाही. कप्तानाला नव्या इंजिनाचा वेग बघायचा होता. पडद्यावर तीन पांढरी माणसं दिसली, मी ओरडलो, तोवर होडी आमच्याखाली गेली होती. आमच्याच बंदरातले वली फाय आणि त्याचे दोन भाऊ, सेरेर कोळी. कप्तान थांबला नाही. हे बाहेर फुटलं तर सरकार देणार असलेली दुसरी नौका विसरा, म्हणाला. होडी ट्रॉलरने उडवली असा जबाब त्याने लिहिला आणि खाली पहिली सही केली.

१३ जानेवारी
कॅमेरा बिघडला असावा. कप्तान डेकवर चहा पीत होता. पडद्यावर पेला पांढरा, माणूस काळा.

१६ जानेवारी
कप्तान धरून नऊ सह्या झाल्या. नऊ काळे. काच पुसली, तारा तपासल्या, कॅमेरा ठीक आहे. ते जेवतात, पत्ते खेळतात. वलीचं नाव कोणी काढत नाही. मला भीती वाटायला हवी, पण—

१८ जानेवारी
बिराननेही सही केली. तीन लेकरं आहेत रे, म्हणाला. त्याला हसवावं म्हणून गुलाम अशी हाक मारली. काय हवंय साहेब, असं विचारलं त्याने. मग उकळत्या टोपात कोपरापर्यंत हात घालून पडलेला डाव काढला. सावकाश—

२० जानेवारी
माझीच सही उरली होती. नाही केलीस तर टक्कर तुझ्या चुकीने झाली असं आम्ही दहाजण सांगू, कप्तान म्हणाला.
केली. काही वाटलं नाही.

२१ जानेवारी
वलीची बायको सिगा बंदराच्या फाटकाशी आली. डोळे कोरडे. म्हणाली, ए भातखाऊ, मालकिणीला नाही म्हणता येत नाही तुला, तेव्हा खरं सांग, माझ्या माणसाला कुणी मारलं.
मी ट्रॉलर म्हणालो.
तिने माझा गार पडलेला हात धरला. धरूनच राहिली— मग हळूच विचारलं, बाळा, तुला कधी बुडवलं रे त्यांनी—
खरं सांगायला तोंड उघडलं, तर खारं पाणी— अजून थांबत नाही— वही भिजते आहे— एवढंच लिहायचं होतं की ती होडी आम्ही