न वाळवलेली बरणी

मॅडम,

(नावाने हाक मारायची इच्छा कालच संपली.)

तुझ्या घरच्यांनी पसंत केलेल्या त्या इंजिनिअरने काल तुमच्याकडे जेवताना मी करून आणलेली सफरचंदाची चटणी बोटाने चाटून विचारलं, "कोणी केली?" तू खुशाल म्हणालीस, "मीच!" अगं, मी समोर बसलो होतो! दोन तास ढवळून मनगट भाजलंय माझं. वर तुझी आई मलाच म्हणते, "कॉलेज सोडलंस, निदान स्वयंपाक तरी शीक हिच्याकडून."

मी निघताना तू हळूच कृती विचारलीस. मी सगळी सांगितली, फक्त बरणी उन्हात कडक वाळवायची हे मुद्दाम गाळलं. तुझ्या चटणीला चार दिवसांत बुरशी येईल, मग झक मारत मलाच विचारायला येशील.

म्हणून हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर बरणी वाळवशील.

तुझा म्हणवत नाही,
चटणीवाला