चौदा तारखेच्या आत एक शर्यत

१ जून, सकाळी
आजपासून निश्चय. लेक चौदा तारखेला होस्टेलवर जाणार. त्याआधी घरीच गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा आणि बापलेकीने एक तरी कार-रेस खेळायची. शब्द दिलाय. बाकी सगळे पार्ट आलेत, फक्त प्रोसेसर ठरवायचाय. दोन दिवसांचं काम. लेक म्हणाली, वेगळं ग्राफिक्स कार्ड आपल्या बजेटात बसत नाही, तेव्हा ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्या. एकाचं नावही कागदावर लिहून दिलं. आजच्या मुलांना अभ्यास नको, नुसती घाई. कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

४ जून
ऑफिसात बसून एक्सेलमध्ये तक्ता केला. बावीस प्रोसेसर, अकरा रकाने. साहेब मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, छान, पण तिमाही अहवाल कुठाय? माणसाला दूरदृष्टीच नाही.

७ जून
व्हिडिओतला एक दाढीवाला म्हणतो, सहा कोर पुरेत. दुसरा दाढीवाला म्हणतो, सहा कोर घ्याल तर पस्तावाल. आणखी तीन रकाने वाढवले. बायकोने विचारलं, कोर म्हणजे काय? म्हटलं, तुला नाही कळायचं. (उद्या वाचून ठेवणे.)

९ जून
प्रिंट काढताना तक्ता एका पानावर मावेना. ग्राफिक्सचा रकाना उडवला. आता कसा सुटसुटीत दिसतो! लेकीने बॅग भरायला घेतली. अजून पाच दिवस आहेत.

११ जून, दुपारी
आणला! वेगात पहिला, शिवाय स्वस्त. दुकानदाराने दोनदा विचारलं, ग्राफिक्स कार्ड आहे ना घरी? मी नुसता हसलो. यांना काहीतरी गळ्यात मारायचंच असतं.

१२ जून
जोडला. प्रोसेसर तापू नये म्हणून लावायची पेस्ट सढळ हाताने लावली, तिथे कंजुषी कशाला. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळाठिक्कर. मॉनिटरच बोगस.

१३ जून
शेजाऱ्यांचा मॉनिटर आणला. तोही बोगस. संध्याकाळी लेकीने प्रोसेसरचं खोकं वाचलं आणि माझ्या खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. दोनदा धुऊन त्याचा लगदा झाला होता, तरी 'ग्राफिक्स' एवढं वाचता येत होतं. दुकानाला आज साप्ताहिक सुट्टी. याला म्हणतात नशीब.

१४ जून
लेक गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, पुढच्या सुट्टीत खेळू हो बाबा. मला फार वाईट वाटलं. डोळ्यात धूळ गेली असं बायकोला सांगितलं. तिच्याही गेली होती.

१५ जून
दुकानदाराने बदलून दिला. निघाला नेमका लेकीने लिहून दिलेलाच. निव्वळ योगायोग. स्क्रीन लागला! जोडीला कोणी नाही म्हणून बायको बसली. ब्रेक कुठला, विचारलं, आणि मग तो एकदाही न लावता सहाच्या सहा शर्यती जिंकली.

रात्री जेवणाआधी लेकीचा फोन. आईने बातमी आधीच पोचवली होती. मी समजावून सांगितलं की हा प्रोसेसर जरा मंद आहे, माझी गाडी अडकत होती. लेकीने विचारलं, कॉम्प्युटर एकच ना बाबा, मग आईची कशी नाही अडकली?

इथे रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.