आबा आणि लाल आकडे

३१ ऑगस्ट, सोमवार
नव्या सॉफ्टवेअरवर पहिला अहवाल निघाला. दूध संस्थेत एवढी वर्षं कारकुनी करतेय, पण इतका देखणा कागद कधी हातात आला नव्हता. रक्कम उणे झाली की आकडा आपोआप लाल! वजाचं चिन्ह नाही, काही नाही. नुसता लाल. शिरूरला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणल्या.
येताना एसटीत काकू भेटल्या, आमच्या अध्यक्षांची म्हणजे आबांची बायको. नव्या बांगड्या भरलेल्या. रंग कोणता घेऊ विचारलं की आबा दरवेळी म्हणतात, "तुला शोभंल त्यो." घरी आमच्या ह्यांना मुद्दाम ऐकवलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

४ सप्टें., शुक्र.
संचालकांची बैठक. आबा अध्यक्ष, त्यामुळे अहवाल नेहमीसारखा त्यांनीच वाचला. खणखणीत आवाज, या वयात चष्मा नाही. पशुखाद्य विभागापाशी आले आणि म्हणाले, "नफा." माझा चहा हिंदकळला. आकडा लाल होता. ढळढळीत तोटा.
संचालकांपैकी आप्पांचा डोळा कधीपासूनच अध्यक्षाच्या खुर्चीवर. लगेच म्हणाले, "आबा, तोटा हाय त्यो. दिसंना झालंय, का लपवताय?"
आबांनी पान उलटलं. संस्थेचा चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पिणारा माणूस, आणि त्याला हे ऐकून घ्यावं लागलं! मला रडूच यायचं बाकी होतं. आप्पा जाताना: "वार्षिक सभेत बघू."

७ सप्टें.
दुपारी आबा ऑफिसच्या बाकावर. लहानपणी वडलांच्या मेंढरांमागं हिंडायचे ते सांगत होते. बाकीची पोरं काळ्या पाठीवरच्या तांबड्या खुणेवरून आपलं मेंढरू ओळखायची. "म्या तोंडावरनं वळखायचो. एकूणएक."
"खूण का नाही बघायचात?"
उठून बाहेरच गेले. मी मात्र जागच्या जागी. त्यांना लाल दिसतच नसेल तर? तो आकडा त्यांना बाकीच्या आकड्यांसारखा काळाच दिसला असणार.

८ सप्टें.
सकाळी सेटिंग उघडलं. उणे रक्कम कशी दाखवायची: लाल, वजा चिन्ह, कंस. कंसावर टिचकी मारली आणि सगळ्या पानांवरचे तोटे गुमान कंसात जाऊन बसले. कोण कुठला प्रोग्रॅमर, पण त्याला घरी बोलावून पुरणपोळी वाढावी असं वाटलं. ही सोय करताना त्यानं आमच्या आबांसारखा कुणीतरी डोळ्यासमोर आणलाच असणार.
आबांना म्हटलं, "रंगीत प्रिंट परवडत नाही. आता तोटा कंसात."
त्यांनी कागद निरखला. "जाळीत मेंढरं कोंडल्यावानी. ब्येस हाय." मग माझ्याकडं बघत राहिले. मला कळलंय हे त्यांना कळलं.

२० सप्टें., रवि.
वार्षिक सभा. शाळेपुढं मांडव, गर्दी भरपूर. पशुखाद्याचा तोटा आबांनी न अडखळता वाचला. आप्पा उठलेच. "बैठकीत नफा, आज तोटा! खरं कंचं धरायचं?"
प्रिंट माझीच चुकली होती, असं ठोकून द्यायला मी उभी राहिले. आबांनी हातानंच खाली बसवलं.
"पोरीची चूक न्हाई. मला तांबडं दिसत न्हाई, काळंच दिसतं. ल्हानपनापास्नं. लाज वाटायची म्हून कुनाला बोललो न्हाई. आता अध्यक्ष ठिवायचा का न्हाई, तुमी ठरवा."
आप्पा उभेच. केवढा माणूस! आपण अशा माणसाच्या हाताखाली काम करतो याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.
अध्यक्षाचं पुढच्या बैठकीत ठरणार.

२१ सप्टें.
काकू ऑफिसात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, बैठकीचं विचारतील. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बांगड्या लालभडक.
"मनीषा, लगीन झाल्यापास्नं रंग इचारतीया मी. 'तुला शोभंल त्यो.' गावभर मिरवलं म्या त्ये. आता तूच सांग, त्यो जीव हुता माझ्यावर, का त्यांची अडचन?"
मान वर केली तर दारात आबा. कधीपासून उभे होते कोण जाणे.
मी प्रिंटरमध्ये कागद भरायला घेतले.