चौथ्या कपाटाचं शून्य

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

गुरुजींच्या डस्टरचा टेबलावरचा तो 'टक्' अजून कानात आहे. कोणी प्रश्न पुरता न ऐकता उत्तर ठोकलं की वाजायचा. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? (त्यांना विचारू नकोस, अर्धा तास सांगतील.) इकडे मी मात्र कंबर कसून उभा आहे.

आमच्या वाचनालयात रिपोर्ट काढायचं नवं सॉफ्टवेअर आलंय. साध्या मराठीत प्रश्न टाइप करायचा, रंगीत तक्ता हजर. अध्यक्षांनी विचारलं, कोणतं कपाट कोणीच वाचत नाही? त्यानं दोन सेकंदांत चौथं पुढे केलं: कविता, वाचक शून्य. झालं! शनिवारच्या सभेत कविता रद्दीत आणि त्या जागी झेरॉक्सचं मशीन. अगं, कविता कोणी घरी नेतं का? ती तिथेच खिडकीशी बसून, ओठ हलवत वाचायची. पण या शहाण्यानं घरी नेली तरच वाचली असं परस्पर ठरवून टाकलं, कोणाला न विचारता! म्हटलं, बघू याची अक्कल. सर्वांत नियमित वाचक कोण, असं टाकलं. उत्तर आलं, आमचे जुने चिटणीस. (वारून तीन वर्षं झाली. त्यांच्याकडे राहिलेलं पुस्तक दर महिन्याला आपोआप त्यांच्याच नावावर चढतंय.)

मी हटलो नाही. चार दुपारी ग्रंथपालबाईंशेजारी ठाण मांडून बसलो. "नाना, त्याला काय कळतंय, सोडा," त्या म्हणाल्या. म्हटलं, कळत नाही तर विचारावं! आम्ही छड्या खाऊन शिकलो, याला कसली सवलत? शेवटी एक चौकोन सापडला: 'शंका असल्यास आधी विचारा'. त्यातली बरोबरची खूण अध्यक्षांनीच काढून टाकलेली. (उलट प्रश्न त्यांना घरीही चालत नाहीत.) मी ती केली आणि तोच प्रश्न पुन्हा टाकला. तर काय विचारतो बघ: घरी नेलेली पुस्तकं, की इथे बसून वाचलेली? ताई, डोळे भरून आले. बसून वाचायला पुस्तक मागताना चिठ्ठी द्यावी लागते, बाई ती संगणकात चढवतात; त्या चिठ्ठ्या त्यानं मोजल्या. कविता, वर्षभरात सदतीस! शनिवारी हा तक्ता सभेत आपटणार म्हणजे आपटणार.

तुझा,
धाकटा

ता. क. सदतिसांतल्या छत्तीस चिठ्ठ्या माझ्याच आहेत. तेव्हा उद्या-परवा तू, भावोजी आणि तुझ्या व्यायामवर्गातल्या सगळ्या जणी येऊन एकेक चिठ्ठी भरा. वाचलं नाही तरी चालेल, ओठ हलवा.

ता. क. दुसरा. उरलेली एक कोणाची, ते मी विचारलंच नव्हतं. आत्ता दार वाजलं म्हणून उठलो, तर अध्यक्ष! (तक्त्याचं बाईंनी सांगितलेलं दिसतंय.) घरात दुसरं कोणी नाही याची खात्री करून हळूच म्हणाले, "नाना, त्या तक्त्यातली एक चिठ्ठी गाळता येईल का हो?"