सासूचं बोलणं सुनेनं वाचलं

बाई,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. शहरातल्या औरंगपुऱ्यातून बसनं येऊन दौलताबादच्या पलीकडं आमच्या गावच्या ज्या शाळेत तुम्ही शिकवलंत, तिच्याच व्हरांड्यात मी आता बायकांना मोबाइल शिकवते. शेतातलं काम उरकलं की दुपारी जमतात. तुमचा साक्षरतेचा वर्ग तिथल्याच आतल्या खोलीत भरायचा. माझी आई त्यात होती. एकदा तिनं पाटीवर ‘क’ उलटा काढला आणि मी खिडकीतून फिदीफिदी हसले. तुम्ही मला आत बोलावलंत, डाव्या हातात खडू दिलात आणि माझंच नाव लिहायला लावलंत. ते वेडंवाकडं नाव सगळ्या बायकांनी पाहिलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “तिला अक्षर नवं आहे, जग नवं नाही.” मला वर्षभर तुमचा राग होता.

आता गावात नेट आलंय. आधी रेंजसाठी टेकडी चढावी लागायची आणि साधा फॉर्म भरायचा तरी पडेगाव गाठावं लागायचं. ग्रामपंचायतीपर्यंत वायर आली, तिथून शाळेत. पहिल्या दिवशी बायका पदराला बोटं पुसून मोबाइलच्या काचेला हात लावत होत्या. फुटेल म्हणून भीती.

माझ्या वर्गात एक मावशी येतात. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकतात. लिहिता-वाचता येत नाही. त्यांची सून जन्मापासून बहिरी, बोलत नाही, पण शहरात मूकबधिरांच्या शाळेत शिकलेली. लिहिणं-वाचणं पक्कं. नऊ वर्षं दोघी एका चुलीपाशी आहेत आणि सगळं खुणांवर चालतं. मीठ, पाणी, ताप, पाहुणे. त्याहून जास्त काही असलं की मुलाला मध्ये घ्यायचं. पण सगळंच काही मुलाच्या हातून सांगता येत नाही.

एका दुपारी मी शिकवत होते, की आपण बोललं तर फोन ते लिहितो. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांच्यासाठी सोय, एवढंच माझ्या डोक्यात. मावशी बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच विचारलं, “म्या बोललेलं हितं उमटतंय, तर ते माझ्या सुनंला वाचता यील का?” मी व्हय म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या.

मला वाटलं, स्वयंपाकाचं काहीतरी बोलतील. मावशींनी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, “तुझं लेकरू गेलं तवा म्या तुला बोलत नव्हते. म्या देवाला शिव्या देत होते.”

फोननं एक-दोन शब्द चुकवले, पण कळत होतं. सुनेनं वाचलं. परत वाचलं. मग तिनं फोन हातात घेतला, भराभर टाइप केलं, आणि मी दाखवल्याप्रमाणे बटण दाबलं. फोन वाचू लागला, “मला वाटायचं, तुम्ही मला पांढऱ्या पायाची म्हणताय. सहा वर्षं तेच वाटत होतं.”

मावशींनी मला विचारलं, हा तिचा आवाज आहे का. मी सांगितलं, नाही, फोनचा आहे.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “म्हणणं तर तिचं हाय.”

वर्गातल्या सगळ्या बायका तिथंच होत्या. कुणी उठेना. त्या दोघी फोन एकमेकींकडं देत राहिल्या, आणि पुढं काय बोलल्या ते आम्ही ऐकलं नाही. मीच बायकांना अंगणात नेलं. मी रोज हातात धरते ती ही वस्तू, आणि ती हे करू शकते हे मला माहीत नव्हतं.

आता त्या भांडतातही. परवा मावशींची तक्रार होती, सून लई बोलते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ग्रामसभेत सरपंचांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, सासू-सुनेला बोलतं करायची युक्ती मॅडमची. युक्ती मावशींची होती. मी उठून तसं सांगितलं नाही. त्या समोरच बसल्या होत्या, आणि सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.