कान लावून पाहिलेलं तळं

९ ऑक्टोबर, गुरुवार

फोनवर म्हणाले होते, "तळ्याकडची खोली होयी." कणकवलीचे मेस्त्री. आज रिक्षातून उतरले तर हातात पांढरी काठी! साखरेने डोळे गेले, चार वर्षं झाली. आता यांना दाखवू काय? आमच्या गावात आहे ते सगळं बघायचंच — तळं, कमळं, काठावरचं देऊळ, बगळे.

१० ऑक्टोबर

होडीतून नेलं. मी आपली बोलतेच आहे. "गो जॉयसी, जरा गप रव." मग तेच सांगायला लागले — हंय खोल आसा, हंय कमळां दाट, डावीकडे पायऱ्या. नुसत्या वल्ह्याच्या आवाजावरून! सोळा वर्षं होडी वल्हवते मी, मला हे कधी ऐकू आलं नाही.

कमळाचा देठ हातात दिला. "अगो, ह्येका काटे आसत!" केवढे हसले.

११ ऑक्टोबर

देऊळ राहिलंच. तळ्याच्या मातीच्या बांधावरून जाताना मेस्त्री मध्येच थांबले. काठी मातीत रोवून टोकाला कान लावला. दहा मिनिटं! बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात होते म्हणे, रस्त्याखालची गळती अशीच शोधायचे.

"बांधाच्या पोटात पाणी चालता."

मीही कान लावला. काही नाही. पुन्हा लावला — बारीक, अगदी बारीक, कोणी कुजबुजावं तसं.

१२ ऑक्टोबर

मी सरपंच भाईंकडे गेले. "आंधळ्याक कळता आणि आमका नाय?" सगळे हसले. दिवाळीचे पाहुणे तोंडावर आणि मी अफवा उठवते म्हणे! खोल्या माझ्याही भरल्यात. गप्प बसावं का?

नाही बसले. बांधाखालच्या वाडीत एकोणीस घरं आहेत.

१३ ऑक्टोबर

सकाळी पुन्हा गेले, भाईंना हाताला धरूनच आणलं. त्यांनी काठीला कान लावला. हसणं थांबलं. बांधाच्या पायथ्याशी, झुडपांत, पाणी झिरपत होतं.

"निवळ आसा काय गढूळ?" मेस्त्रींनी विचारलं.

"गढूळ."

"मगे बांधाची आतली माती जाता. माणसांक हलवा."

पाणी सोडायची मोरी उघडली. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी शाळेत. गुरंसुद्धा. भाई स्वतः दारोदार फिरले.

१४ ऑक्टोबर

सकाळी साडेदहाला बांध फुटला. तळं गेलं. खालची वाडी गेली. माणूस एकही गेला नाही.