एकशे शहाऐंशी मिच्छामि दुक्कडम्

४ ऑगस्ट

आज कॉम्प्युटरच्या क्लासात लूप शिकवला, एकच काम परत परत करायला लावणारा. म्हणजे मेघा मॅडमनी शिकवला, मी शिकले असं नाही! वर्गात मी एकटीच चौतिशीची, बाकी बारावी झालेली पोरं. त्यांच्या स्क्रीनवर दहा वेळा 'नमस्कार' आला आणि थांबला. माझा थांबेचना. मॅडम चोपड्याच्या, वय बावीस, एरवी पुस्तकासारखं शुद्ध बोलतात. माझी स्क्रीन पाहिली नि शुद्ध मराठी पळाली, अहिराणी आली — "बठ्ठं बराबर शे भाभी, पन हाई थांबी कव्हय?"

कधी थांबायचं ते लिहायलाच मी विसरले होते.

७ ऑगस्ट

सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. संपल्यावर सहज म्हणून लूप समजावून सांगितला. तर म्हणतात, "एक मणी सरकवायचा, नवकार म्हणायचा. परत पुढचा मणी. मेरुमणी आला की थांबायचं. यात शिकण्यासारखं काय आहे?"

म्हटलं, "आणि मणी सरकवायचा राहिला तर?"

"मग बस जन्मभर एकाच मण्यावर!"

वर्गात तीन दिवस डोक्यात न शिरलेलं ह्या बाईला बसल्या जागी कळलं. राग आला. स्वतःचाच.

८ ऑगस्ट

सत्तावीसचा पाढा छापला. थांबला!! मननला दाखवला. "पाढे मलाही येतात," म्हणाला. नवरा कसला, पाटावरवंटा आहे.

१६ ऑगस्ट

नको तिथे जीभ चालवली. संवत्सरी झाली की बाबूजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांना फोनवर मिच्छामि दुक्कडम् पाठवतात — वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. दोनशेवर माणसं. एकगठ्ठा पाठवलेलं बाबूजींना चालत नाही. "प्रत्येकाची माफी वेगळी मागायची." ते वहीतून एकेक नाव वाचणार, मी त्यांच्या फोनवर एकेकाला टाइप करणार. लग्न झाल्यापासून पाच वर्षं हेच. अंगठा आठवडाभर दुखतो.

मी म्हटलं, यंदा माझा लूप पाठवेल. बाबूजी म्हणाले, "नाव घालून?" नाव घालून! ऐटीत वही मागून घेतली.

धुळ्याच्या मोतीलालजींना तेवढं कधी जात नाही. बाबूजींचे सख्खे थोरले भाऊ! मुस्काननणंदेच्या लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला कुणी बोलावलं नाही, ते न जेवता धुळ्याला निघून गेले. आठ वर्षं झाली. बाबूजींचं म्हणणं, घरच्या माणसाला बोलावणं कशाला लागतं? त्यांचं म्हणणं काय, ते कुणी विचारलेलंच नाही. घरात त्यांचा विषय निघाला की बाबूजी उठून दुकानात जातात, दुकान बंद असलं तरी.

२४ ऑगस्ट

वही टाइप करून झाली. सगळ्यांची नावं-आडनावं आहेत, पहिल्यालाच नुसतं 'भाईसाब' आणि नंबर. कोण हे विचारायचं राहिलं.

२८ ऑगस्ट

मेले!!

काल संवत्सरी, आज सकाळी सगळ्यांची पारणी. सातला दुकानातल्या कॉम्प्युटरवर बाबूजींचं व्हॉट्सॲप उघडलं, लूप चालू केला. पहिला मेसेज गेलेला डोळ्यांनी पाहिला आणि विजयी मुद्रेने मुगाचं पाणी करायला स्वयंपाकघरात गेले. तासाभराने मनन ओरडत आला. त्याने सरळ प्लगच ओढला होता.

एका माणसाला एकशे शहाऐंशी वेळा. 'आदरणीय भाईसाब, मिच्छामि दुक्कडम्.' बाकी कुणालाही शून्य! पुढच्या नावावर जायची ओळच मी लिहिली नव्हती.

आणि भाईसाब म्हणजे मोतीलालजी. वहीत नाव होतं, बाबूजी वाचताना दरवर्षी ते गाळत होते. मला कसं कळणार?

बाबूजींचा चेहरा तांब्याच्या घंगाळासारखा लाल. "आठ वर्षं मी वाकलो नाही, आणि तू मला तासाभरात एकशे शहाऐंशी वेळा वाकवलंस!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसूही येत होतं आणि रडूही. सगळे मेसेज वाचलेले. उत्तर एकही नाही.

२९ ऑगस्ट

बाबूजींचा हुकूम — "धुळ्याला फोन कर. सांग, मशीनची चूक आहे. मी पाठवलेले नाहीत." मोतीलालजींशी मी आयुष्यात प्रथमच बोलणार, तेही हे सांगायला!

केला. सगळं सांगितलं. लूप, वही, माझी चूक. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सगळे मशीनने?"

"हो, बडे बाबूजी."

"त्यातला एकही पन्नाने नाही?"

पन्ना म्हणजे आमचे बाबूजी. मी नाही म्हणाले. काय म्हणणार होते? "बरं बेटा," म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज अगदी साधा होता. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

३० ऑगस्ट

बाबूजींनी विचारलं नव्हतं, तरी मोतीलालजी काय म्हणाले ते सांगितलं. जसंच्या तसं. बाबूजी उठून दुकानात गेले. गिऱ्हाईकाने पातेलं मागितलं, यांनी तवा बांधून दिला.

३१ ऑगस्ट

मेघा मॅडमनी एक ओळ घालून दिली. एकच ओळ! बाकी सगळ्यांना मेसेज गेले, एकेक, नाव घालून. मॅडम खूश. मी नाही.

१ सप्टेंबर

बाबूजी सकाळपासून दुकानाच्या गादीवर फोन घेऊन बसलेत. चष्मा कपाळावर, एका बोटाने टाइप करतायत. मी वाकून पाहिलं — 'भाईसाब, मिच्छामि दुक्कडम्.' पाठवला. परत पहिल्या अक्षरापासून तेच. म्हटलं, कॉपी करून देऊ का? "हात लावू नकोस," म्हणाले.

आतापर्यंत अकरा झाले. धुळ्याहून उत्तर नाही. पण मेसेज गेला रे गेला की वाचल्याच्या खुणा निळ्या होतायत.